कंपनी बंद झाली, अप्पा

परवा आमच्या पुण्यातल्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीची नोकरी गेली. सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून तिनं लॅपटॉप उघडला, तर पासवर्ड चालेना. तिला वाटलं, इंटरनेट गेलं असेल. मग फोनवर मेल आला आणि कळलं, की आपण आता त्या कंपनीत नाही. तिची आई माझ्याकडे येऊन बसली. रडता रडता म्हणाली, "काढायचं तर काढा, पण समोर बसवून सांगायला काय झालं होतं?"

तिला पाणी दिलं, चहा केला, पण माझं मन मिरजोळ्याला पोचलं होतं. पावसकर साहेबांच्या केबिनमध्ये.

रत्नागिरीला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमची पुठ्ठ्याच्या खोक्यांची कंपनी होती. आंब्याची खोकी, काजूची खोकी, मासळी परदेशी पाठवणाऱ्यांची मेणाचा हात दिलेली खोकी. मी डिस्पॅचला होते आणि मधुकर पावसकर टाइम ऑफिसात. त्यांच्या दारावर 'पर्सोनेल' असं लिहिलेलं होतं. हजेरी, रजा आणि पाळ्या हे त्यांचं काम. पण कुणाचं सुपरवायझरशी वाजलं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाला विंचू चावला, की तो माणूस आधी त्यांच्या दारात उभा राहायचा.

उभा मात्र त्यांना चालत नसे. "बसा आधी," हे त्यांचं पहिलं वाक्य. मालक आले तरी तेच आणि झाडूवाली आली तरी तेच. समोरचा बसल्याशिवाय ते एक अक्षर बोलत नसत. त्यांच्या केबिनमध्ये जेमतेम दोन खुर्च्या मावायच्या. चार माणसं आली तर ते स्वतः उठून बाहेरचं बाकडं आत ओढत आणि मग दार लागत नसे.

दुसरी त्यांची सवय म्हणजे माणसाला गावाच्या नावानं हाक मारायची. मी गोळपची, म्हणून मी 'गोळप'. डिंक लावणाऱ्या सेक्शनचा बाळकृष्ण गोताड 'खेडशी'. मशीनवरचा सलीम 'साखरतर'. लाउडस्पीकरवरून "खेडशी, टाइम ऑफिसला या" अशी हाक आली की नवीन माणसाला वाटे, कुठली एसटी लागली. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाव विचारलं की माणूस सही करायला बघतो गो. गाव विचारलं की बोलायला लागतो."

दिसायला उंच, खांद्यात थोडे वाकलेले. शर्ट पांढरा किंवा फिकट निळा, इस्त्री स्वतः केलेली. टेबलाच्या खणात आवळासुपारीची बरणी. ती समोर सरकवली म्हणजे आता अवघड बोलणं येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा सलीमनं सुपरवायझरला सगळ्यांसमोर आईवरून शिवी दिली. सुपरवायझर तापला, 'हा राहील किंवा मी राहीन' वर आला. पावसकरांनी सलीमला बोलावलं. मी कागदांवर सही घ्यायला तिथेच गेले होते, मला त्यांनी हातानंच थांब म्हटलं. बरणी सरकवली. सलीम खाली मान घालून बसलेला.

"साखरतर, भरती कधी आहे आज?" साहेबांनी विचारलं.

सलीम गोंधळला. मग खाडीचं बोलला, पुलाखालच्या पाण्याचं बोलला, आणि बोलता बोलता डाव्या हातानं उजवं मनगट चोळायला लागला. साहेब त्या हाताकडेच बघत होते.

"हात मशीनमध्ये अडकणार होता ना?" ते हळूच म्हणाले.

सलीमच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मशीनचं जाळीचं झाकण कुणीतरी काढून ठेवलेलं, बाही आत ओढली गेली होती, थोडक्यात वाचला होता. भीती अंगात मावेना म्हणून शिवी बाहेर पडली होती. साहेब त्याला घेऊन सुपरवायझरकडे गेले, आधी माफी मागायला लावली आणि मग दोघांना मशीनपाशी नेलं. झाकण लागेपर्यंत तिथून हलले नाहीत. असा माणूस.

त्यांचा उत्साह मात्र पोस्टरवरचा नव्हता. 'सगळं छान होईल' असं ते कधी म्हणत नसत. "बघू या काय काय करता येतं ते," असं म्हणत. आणि खरंच बघत.

मग कंपनी बंद व्हायची वेळ आली. कुणकुण होतीच. मोठी मशीनं घाटावर हलवणार, तिथं जागा घेतली आहे, असं ड्रायव्हर लोक सांगायचे. एका सोमवारी मालक मुंबईहून आले, पावसकरांशी बोलले आणि जेवायलाही न थांबता परत गेले. जाताना म्हणाले, "नोटीस गेटवर लावून टाका."

"लावतो," पावसकर म्हणाले, "पण सगळ्यांना सांगून झाल्यावर."

तो सगळा आठवडा ते एकेकाला आत बोलावत होते. डिस्पॅचची खिडकी त्यांच्या केबिनच्या समोरच, त्यामुळे आत जाणारी आणि बाहेर येणारी तोंडं मला दिसायची. कुणी बाहेर येऊन नळावर तोंड धुवायचं. कुणी सरळ जागेवर जाऊन आणखी जोरात काम करायचं. बाळकृष्ण आत हसला, ते मला बाहेर ऐकू आलं. "साहेब, मस्करी करू नका," असं तो म्हणत होता. बाहेर आला तेव्हा माझ्या खिडकीशी थांबून म्हणाला, "ताई, मस्करी नाय ती."

माझा नंबर आला. मला माहीत होतं काय ऐकायचं आहे, तरी हातातलं चलन पुरं लिहूनच उठले.

"बस आधी, गोळप."

बसले. त्यांनी सरळ सांगितलं. कंपनी बंद होते आहे, तुझी नोकरी महिनाअखेरीस संपेल. मग बरणी सरकवली आणि म्हणाले, "आता एक लक्षात ठेव. यात तुझं काही चुकलेलं नाही. हे घरी गेल्यावर मोठ्यानं सांग. नवऱ्याला सांग, सासूला सांग. लोक 'का गेली, कशी गेली' विचारत राहतात ना, मग आपल्यालाच वाटायला लागतं की आपण काहीतरी केलं असणार. तसं होऊ द्यायचं नाही."

मी मान हलवली. घरी जाऊन खरंच मोठ्यानं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, ओरडतेस कशाला? मला ऐकू येतं."

शेवटच्या दिवशी शेडमध्ये पुठ्ठ्याचा वास तेवढा उरला होता. मी साहेबांसाठी चहा घेऊन गेले, तेवढ्यात मालकांचा फोन आला. फोनवर बोलताना ते उभे राहत, ही जुनी सवय. "हो साहेब. झालं सगळं. नाही, कुणी गडबड केली नाही." मग थोडं थांबून, "माझंही ना? हो हो. ते धरूनच होतो मी." फोन ठेवला. माझी समजूत होती, की साहेबांना तरी नवीन जागी नेतील. त्यांचीही असावी. तोंडावर काही दिसलं नाही, पण ते बसेनात. चहा उभ्यानंच प्यायले आणि म्हणाले, "चल गोळप, खिडक्या बघून घेऊ. पाऊस आत येतो त्या कोपऱ्यात."

मशीनं गेलेली, माणसं गेलेली, आणि हा माणूस एकेका खिडकीची कडी लावून, ओढून बघत होता.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी नाचणे रोडवरच्या आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सकाळचं ऑफिस सुरू केलं. ऑफिस म्हणजे लग्नकार्याला आणतात तसल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. ज्यांची नोकरी गेली त्यांनी रोज सकाळी तिथं यायचं. आंघोळ करून, दाढी करून, पायात बूट घालून. लुंगीवर आलेल्याला ते परत पाठवत. "कामाला गेलेला माणूस आणि काम शोधणारा माणूस सकाळी सारखाच दिसला पाहिजे," असं म्हणत. "घरात बनियनवर बसलास की दुपारी झोप येते, संध्याकाळी भांडण होतं, आणि मग माणूस रविवारची वाट बघायचंही विसरतो."

तिथं ते मुलाखतीची तालीम घ्यायचे. स्वतः साहेब व्हायचे, चष्मा नाकावर ओढायचे.

"मिस्टर गोताड, तुमच्यात कमी काय आहे?"

बाळकृष्णानं पुष्कळ विचार केला. "साहेब, उंची."

सगळे हसले. पावसकर हसले नाहीत. "आणि चांगलं काय आहे?"

"ता तुमी सांगा. माज्या तोंडान कसा सांगू?"

"तुझ्याच तोंडानं सांगायचं आहे. तिथं मी नसणार. खेडशी, इतकी वर्षं तू डिंकाच्या भट्टीवर उभा होतास. एकदा तरी डिंक जळला?"

"नाय."

"मग हेच सांग. 'माझ्या हातून डिंक जळला नाही.' म्हण."

बाळकृष्णानं ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं, की पार्किंगमध्ये स्कूटर काढायला येणारी माणसंही ते म्हणायला लागली. तो आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात मुलाखतीला गेला, तिथं वाक्य अर्धंच आठवलं, पण रस आटवायच्या कढईवर त्याला घेतलं. सलीमचा मामेभाऊ कतारला होता. साहेबांनी सलीमला तिथल्या मुलाखतीसाठी इंग्रजीची चार वाक्यं शिकवली आणि तो गेला. बायकांपैकी काही शिवणकामाकडे वळल्या, काही हॉटेलात लागल्या. मला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटर मिळाला. माझा अर्ज त्यांनी तीनदा लिहायला लावला होता. "'नम्र विनंती' एकदाच पुरे," म्हणाले, "सारखी सारखी केली की समोरच्याला वाटतं, हिला घाई आहे."

लॅबला जाता-येता त्यांची बिल्डिंग वाटेत लागायची. पार्किंगमधल्या खुर्च्या कमी कमी होताना मला दिसत होत्या. एका सकाळी पाहिलं, तर त्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या आणि कुणीच आलेलं नव्हतं. सगळ्यांना काही ना काही लागलं होतं. पांढरा शर्ट, बूट घातलेले पावसकर एकटेच बसलेले. मला बघून त्यांनी हात वर केला. "बघ गोळप, सगळे गेले!" त्यांना आनंदच झाला होता. मग उठून ते खुर्च्या एकात एक घालायला लागले.

त्यांचं स्वतःचं मात्र जमत नव्हतं. वय पन्नाशीच्या पुढे. लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मुलाखत झाली, तिचा किस्सा त्यांनीच मला सांगितला. समोर बसलेला अधिकारी त्यांचा मुलगा शोभेल अशा वयाचा. तो म्हणाला, "सर, तुमचा अनुभव फार आहे. आम्हाला शिकून घेणारा माणूस हवाय." साहेब म्हणाले, "मी शिकतो की." तो अगदी अदबीनं म्हणाला, "नाही सर, तुम्हाला शिकवायला आम्हालाच संकोच वाटेल." हे सांगून साहेब हसले. "वाईट नव्हता तो. उठून दारापर्यंत आला सोडायला. पण दाराच्या बाहेरच सोडलं!"

मुंबईला, पुण्याला काम मिळालं असतं. पण घरात अप्पा होते. अप्पा म्हणजे त्यांचे वडील. जुन्या काळी बंदरावर माल मोजून घेणारे कारकून होते. आता त्यांची आठवण पार विस्कटली होती. एकदा दार उघडं मिळालं तर थेट भगवती बंदराच्या वाटेला लागले होते. वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, बालवाडीत शिकवायच्या. पूर्वी अप्पांजवळ बसायला एक बाई यायच्या, साहेबांची नोकरी गेल्यावर त्यांना थांबवावं लागलं. म्हणजे आता साहेब घरी हवेतच. नोकरी शोधायला बाहेर पडायचं तर अप्पांजवळ कुणीतरी पाहिजे, आणि कुणीतरी ठेवायचं तर नोकरी पाहिजे. वहिनी मला हे सांगताना बोटानं टेबलावर गोल गोल काढत होत्या.

श्रावणाच्या आधीचे दिवस असतील. वहिनींचा लॅबमध्ये फोन आला. "दुपारी जरा येऊन जाल का? आज हे उठलेच नाहीत. मी बालवाडीला सुट्टी टाकलीय."

मी गेले. दुसरा मजला. बेल वाजवल्यावर आतून किल्ली फिरवल्याचा आवाज आला, मी आत गेले, आणि वहिनींनी पुन्हा कुलूप लावून किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. अप्पांसाठी हे करावं लागायचं. पावसाची झड असल्यामुळे खिडक्या बंद होत्या. दोऱ्यांवर न वाळलेले कपडे. तेवढ्यात मला वाटलं, आपल्याला आता इथून निघता येणार नाही. मी तिथं पाच मिनिटांची पाहुणी होते, आणि ते रोज त्यात होते.

साहेब पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. दाढी वाढलेली. त्यांना मी कधी दाढी वाढलेलं पाहिलं नव्हतं.

"साहेब, मी आलेय. गोळप."

"बस," ते भिंतीकडेच बघत म्हणाले.

बसले. त्यांचा फोन उशाशी टिणटिणत होता. त्यांनी तो न बघता माझ्याकडे सरकवला. मुंबईच्या चुलतभावाचा मेसेज होता, उगवता सूर्य आणि खाली हिंमत न हरण्याबद्दल चार ओळी.

"रोज एक सूर्य येतो," साहेब म्हणाले. "त्याला वाईट वाटू नये म्हणून मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो. आज पाठवलं नाही, म्हणून त्याचा सारखा येतोय."

"लोकांना तुमची काळजी वाटते."

"वाटू दे ना. पण त्यांना बरा दिसणारा मीच हवा असतो गो. कुणी भेटलं की म्हणतं, पावसकर, तुम्ही एवढ्यांना उभं केलंत, तुम्हाला काय धाड भरलीय! मग मला त्यांच्यासमोर हसावं लागतं. बाजारात गेलो की गाल दुखतात." मग म्हणाले, "सगळ्यांना मी सांगितलं, यात तुझं काही चुकलेलं नाही. मला कुणी सांगितलं नाही. फोनवर उभ्या उभ्या कळलं."

मी म्हणाले, "मी सांगते ना साहेब. तुमचं काही चुकलेलं नाही." पण ते शब्द माझ्या तोंडून पोकळ निघाले. त्यांचेच शब्द होते ते. त्यांनी नुसती मान हलवली, मला बरं वाटावं म्हणून.

तेवढ्यात आतल्या खोलीतून अप्पा आले. भिंतीला हात धरत, हळूहळू. सदरा उलटा घातलेला. दारात थांबून त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"मधू, कामावर नाही गेलास?"

वहिनी पुढे होऊन म्हणाल्या, "सुट्टी आहे आज, अप्पा. चला, आत बसू."

"कसली सुट्टी?"

साहेब उठून बसले. पलंगावरून पाय खाली घेतले. "अप्पा, बसा आधी," म्हणाले. वडिलांना खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसले. मग अगदी केबिनमध्ये बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "कंपनी बंद झाली, अप्पा. माझी नोकरी गेली."

अप्पांचा चेहरा पडला. खरोखर पडला. आत्ताच कळलं होतं ना त्यांना. "अरेरे! कधी रे?"

"झाले काही महिने."

"मला नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. पुन्हा सांगतोय."

अप्पा पुढे वाकले, मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझं काही चुकलं होतं काय?"

"नाही अप्पा."

"मग झालं तर! घाबरायचं नाही. मी आहे अजून. उद्या बंदरावर जाऊन शब्द टाकतो. मला नाही म्हणणार नाहीत." असं म्हणून त्यांनी मुलाच्या हनुवटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दाढी काय वाढवलीस ही? शब्द टाकायचा तर तू नीट दिसायला नको?"

साहेब उठले आणि मोरीत जाऊन दाढी करायला लागले.

स्वयंपाकघरात वहिनी मला हळू आवाजात म्हणाल्या, "हे असं रोज. रोज अप्पांना नव्यानं धक्का बसतो आणि रोज ते नव्यानं धीर देतात. मी म्हणते, सुट्टी आहे म्हणून सांगा, कशाला म्हाताऱ्या जिवाला त्रास? ऐकत नाहीत."

साहेब फेस लावलेल्या तोंडानं दारात आले होते. त्यांना ऐकू गेलं होतं. "अप्पांना त्रास होतो, खरं आहे," ते म्हणाले. "पण अर्ध्या तासानं ते विसरतात. मला दिवसभर पुरतं." आणि पुन्हा आरशाकडे गेले.

मी निघताना वहिनींनी कुलूप उघडलं. जिन्यावर आल्यावर मी जोरात श्वास घेतला, आणि वर पाहिलं तर दार पुन्हा लागलेलं होतं.

असंच वर्ष गेलं. मधूनमधून त्यांना काहीबाही मिळायचं. आंब्याच्या दिवसांत एका व्यापाऱ्याकडे हिशेब, सीझन संपला की बंद. कुठं अर्ज, कुठं ओळख. दाढी मात्र रोज केलेली असायची. शेवटी मिरजोळ्यातच, आमच्या जुन्या शेडपासून जवळच, एका मासळीच्या कारखान्यात त्यांना हजेरी घ्यायच्या कामावर घेतलं. तिथं बाळकृष्णाची बहीण कोळंबी सोलायला जात असे, तिनंच साहेबांचं नाव सुचवलं. पगार पूर्वीच्या मानानं अगदीच बेताचा. आणि वहिनींना बालवाडी सोडावी लागली, कारण आता अप्पांजवळ त्यांना बसायचं होतं. मला पेढा देताना वहिनी म्हणाल्या, "यांचं दार उघडलं. आता मी आत." हसल्या, पण लगेच ओट्याकडे वळून भांडी आवरायला लागल्या.

अप्पांना साहेबांनी बसवून सांगितलं होतं, की नवीन नोकरी लागली. अप्पा विचारात पडले. म्हणाले, "जुनी का सोडलीस रे? चांगली होती की."

त्यानंतर काही महिन्यांनी आमचं पुण्याला यायचं ठरलं. सामान बांधून झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि साहेबांना भेटायला मिरजोळ्याला गेले.

कारखान्याच्या गेटबाहेर बायकांचा घोळका होता. डोक्याला रुमाल, हातात डबे. माल किती आला त्यावर तिथं रोज किती बाया लागणार ते ठरतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. त्या दिवशी वारा उठला होता, होड्या फारशा गेलेल्याच नव्हत्या. गेटच्या आत साहेब उभे होते. पांढऱ्या शर्टावर रबरी एप्रन, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. ते एकेकीला नावानं आत घेत होते. बऱ्याच जणी आत गेल्या आणि मग त्यांनी हात आडवा केला. "आज एवढंच," म्हणाले. "उद्या तुम्हाला आधी घेतो. नक्की घेतो."

उरलेल्या बायका तशाच उभ्या राहिल्या. एकदोघींनी डबे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

साहेबांनी मला पाहिलं आणि बाहेर आले. मासळीचा वास येत होता, म्हणून थोडे लांबच उभे राहिले.

"पुण्याला चाललीस म्हणे. बरं झालं गो. तिथं गेल्यावर महिनाभर कुणाचं ऐकू नकोस, आधी सगळं बघून घे."

"तुमचं कसं चाललंय, साहेब?"

"काम आहे," ते म्हणाले. त्यांनी गेटकडे पाहिलं. "सकाळी हे झालं की वाईट वाटतं. रोज वाटतं. यांना बसवायचं कुठं, सांग? इथं बाकडंही नाही. मी आत सांगितलं, माल कमी असला की पहाटेच फोन करून कळवू या, बायांची खेप तरी वाचेल. करतो मी फोन. पण काहींचा फोन नवऱ्याकडे असतो, तो घेऊन निघून जातो. मग त्या येतात."

"सोडून द्यावंसं वाटत नाही?"

"वाटतं ना. पण मी सोडलं तर इथं दुसरा कुणी उभा राहील. तो बाहेर येऊन बोलणार नाही." मग स्वतःशीच मान हलवून म्हणाले, "आणि खरं सांगू? मला घरी बसायची भीती वाटते. फार वाटते."

एवढं ते कधी बोलले नव्हते. मी काही म्हणायच्या आत परत जाणाऱ्या बायकांपैकी एक वयस्क बाई मागे वळून काहीतरी तणतणली. साहेब म्हणाले, "थांब, हां," आणि तिच्याकडे गेले. मला वाटलं, दोन शब्द बोलून येतील. पण ती चालतच राहिली, आणि तेही तिच्याबरोबर चालायला लागले. ती हातवारे करत होती. डबा दाखवत होती. साहेब मान खाली घालून ऐकत होते, मधेच एखादा शब्द बोलत होते. गमबुटांमुळे त्यांना नीट चालता येत नव्हतं. असे दोघं हायवेच्या तिठ्यापर्यंत गेले. तिथं सहा सीटची रिक्षा उभी होती. ती बाई अजून बोलतच होती. रिक्षात बसल्यावरही तिनं बाहेर डोकं काढून काहीतरी सांगितलं. रिक्षा सुटली आणि साहेब तिथंच उभे राहिले.

तेवढ्यात कारखान्याचा पाळी सुरू व्हायचा भोंगा झाला.

साहेब वळले आणि पळायला लागले. एप्रन गुडघ्यांवर आपटत होता, गमबूट जांभ्या दगडाच्या त्या लाल रस्त्यावर फटफटत होते. पळता पळता त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मी स्कूटरजवळ उभी होते, पण माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. वॉचमननं गेट अर्धं ओढून धरलं होतं. साहेब खांदा वळवून त्या फटीतून आत शिरले, आणि त्यांच्यामागे गेट लागलं.